फुकटच्या तबकडीचा जमाखर्च



दिवाळीपूर्वीची आवराआवर सुरू झाली की घरोघरी आणि पेढ्यापेढ्यांवर एक कप्पा असा उघडतो, की तो पाहून काय करावे ते कोणालाच सुचत नाही. त्यात सीडी आणि डीव्हीडी यांचा ढीग असतो. संगणकविषयक मासिकाबरोबर आलेली तबकडी, विमा योजनेची माहिती देणारी तबकडी, गृहप्रकल्पाचे रंगीत चित्रण असलेली, यंत्राच्या किंवा रंगाच्या उत्पादकाने व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात पिशवीत घालून दिलेली, प्रिंटरच्या खोक्यातून निघालेली. यांपैकी बहुतेक आपण मागितलेल्या नव्हत्या, अनेक एकदाही लावून पाहिलेल्या नाहीत. आता तर त्या लावून पाहण्याचे यंत्रही नव्या संगणकांत बहुधा नसते. तरीही त्या टाकवत नाहीत, कारण वस्तू चकचकीत आहे, न मोडलेली आहे आणि जपून वापरण्याचे संस्कार आपल्या हाताला आहेत.

या तबकड्यांचा सदुपयोग कसा करावा, हा आजच्या लेखाचा विषय आहे. परंतु आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासल्यामुळे मला एक सवय जडली आहे. एखादी रक्कम कोठे वळवावी हे ठरविण्यापूर्वी ती खात्यात आली कोठून, हे मी पाहतो. म्हणून आधी या तबकड्यांच्या आगमनाचा इतिहास थोडक्यात पाहू. तो अमेरिकेत घडला आणि व्यापारी मनाला विचार करावयास लावणारा आहे.

अमेरिका ऑनलाइन, म्हणजेच एओएल, ही टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट पुरविणारी कंपनी होती. १९९३ मध्ये जॅन ब्रँट या बाईंनी तिच्या विपणन विभागाची सूत्रे हाती घेतली. इंटरनेट म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगणे कठीण होते. तेव्हा त्यांनी ते समजावण्याच्या भरीस न पडता, ते चालविण्याची प्रणालीच फ्लॉपीवर भरून टपालाने घरोघर फुकट पाठविली. अशा टपाली जाहिरातीला शेकडा एक-दोन जणांनी प्रतिसाद दिला तरी विक्रेते समाधान मानतात. येथे पहिल्याच प्रयत्नात शेकडा सुमारे दहा जणांनी प्रतिसाद दिला. पुढे फ्लॉपीची जागा सीडीने घेतली आणि या तबकड्या टपालातून, मासिकांतून, न्याहरीच्या धान्याच्या खोक्यांतून, दुकानांच्या गल्ल्यांवरून अमेरिकेभर पसरल्या. या सर्व खटाटोपावर तीस कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला असावा आणि एका टप्प्यावर जगात तयार होणाऱ्या सीडींपैकी निम्म्यांवर एओएलचे नाव असे, असे स्वतः ब्रँटबाईंनी पुढे सांगितले.

इतका खर्च परवडला कसा? कंपनीचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह केस यांनी त्याचा हिशेब उघड केला आहे. एक ग्राहक सरासरी पंचवीस महिने टिकत असे आणि तेवढ्या काळात त्याच्याकडून सुमारे ३५० डॉलर मिळत. त्याच्या दहा टक्के, म्हणजे ३५ डॉलर, एक नवा ग्राहक मिळविण्यासाठी खर्च करावयाचे, असे त्यांनी ठरविले होते. आता समजा, एक तबकडी बनवून घरपोच करण्यास सर्व मिळून एक डॉलर लागला. मग पस्तीस तबकड्या वाटल्यावर एक जरी गिऱ्हाईक लागले, तरी कंपनीचे गणित बरोबर जुळते. आपल्याकडे यालाच आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात. गणितात चूक नाही. परंतु उरलेल्या चौतीस तबकड्यांचे काय? त्या कंपनीच्या वहीत खर्ची पडून संपल्या. प्रत्यक्षात मात्र त्या संपल्या नव्हत्या. त्या चौतीस घरांच्या कपाटात गेल्या होत्या. तेथे त्यांना जागा लागत होती, कोणाला तरी त्या उचलाव्या लागत होत्या आणि शेवटी कोणाला तरी त्यांची विल्हेवाट लावावी लागणार होती. हा खर्च पाठविणाऱ्याच्या वहीत कधीच लिहिला गेला नाही. तो घेणाऱ्याच्या नावे पडला.

या इतिहासातील एक बारकावा मला फार बोलका वाटतो. एओएलच्या फ्लॉपीविषयी लोकांची फारशी तक्रार नव्हती. उलट अनेकांना ती हवीच असे. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक लहान छिद्र असते. ते उघडे असले की तिच्यावर नवे काही लिहिता येत नाही, झाकले की लिहिता येते. लोक त्या छिद्रावर चिकटपट्टीचा तुकडा लावीत, जाहिरातीचा मजकूर पुसून टाकीत आणि कोरी फ्लॉपी स्वतःच्या कामासाठी वापरीत. म्हणजे जाहिरात नको असली तरी वस्तू उपयोगी होती. सीडी आली आणि हा मार्ग बंद झाला. कारखान्यात ठसा उमटवून तयार केलेल्या सीडीवरचा मजकूर कधीही पुसता येत नाही. एका फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मजकूर मावतो, सीडीत ६५० मेगाबाइट, म्हणजे साधारण साडेचारशे फ्लॉप्यांइतका. पाठविणाऱ्याची सोय साडेचारशे पटींनी वाढली, आणि घेणाऱ्याचा उपयोग मात्र शून्यावर आला.

मग लोकांची अवस्था ‘भीक नको, पण कुत्रा आवर’ अशी झाली. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील दोघा गृहस्थांनी एक मोहीम सुरू केली. नको असलेल्या दहा लाख तबकड्या लोकांकडून गोळा करावयाच्या आणि ट्रकमध्ये भरून व्हर्जिनियातील कंपनीच्या मुख्यालयाच्या दारात परत नेऊन द्यावयाच्या, असा त्यांचा संकल्प होता. तो पुरा झाला नाही, पण २००७ मध्ये मोहीम थांबली तेव्हा त्यांच्याकडे चार लाखांहून अधिक तबकड्या जमल्या होत्या. तोवर, २००६ मध्ये, कंपनीनेच तबकड्या वाटणे थांबविले होते. सप्टेंबर २०२५ अखेर तिची टेलिफोनवरून इंटरनेट देण्याची सेवाही बंद झाली. सेवा संपली, पण तबकड्या अजून कोठे ना कोठे आहेतच.

आपल्याकडे प्रमाण निराळे, पण प्रकार तोच होता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्यानंतरच्या दशकात तबकडी ही आधुनिकतेची खूण ठरली. बँकेत असताना मी पाहत असे की, शाखेच्या टपालात आठवड्याला एखादी तरी तबकडी येई. ती ‘महत्त्वाची’ म्हणून नोंदवहीत चढे आणि तेथून थेट कपाटात जाई. तबकडी तयार करणे स्वस्तही झाले होते. मोझर बेअर ही भारतीय कंपनी जगातील मोठ्या तबकडी-उत्पादकांत गणली जाई. २००७ च्या सुमारास तिने चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकावयास काढली, तेव्हा बाजार चकित झाला होता. तीच कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात निघाली. मालाचे युग किती झपाट्याने पालटते, याचे हे उदाहरण व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ढीग समोर आहे, काय करावे?

पहिले काम सजावटीचे नाही, वर्गवारीचे आहे. जाहिरातीच्या तबकड्यांत आपल्या स्वतःच्या तबकड्या मिसळलेल्या असतात आणि दोन्हींचे मोल अगदी वेगळे असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. तबकडी उलटी करून खालची बाजू पाहावी. ती स्वच्छ रुपेरी असेल, तर ती बहुधा कारखान्यात छापलेली, म्हणजे जाहिरातीची किंवा विकत घेतलेली. खालच्या बाजूस हिरवट, निळसर, जांभळट किंवा सोनेरी झाक असेल, तर तिच्यावर बहुधा कोणीतरी संगणकातून मजकूर भरलेला आहे. अशी प्रत्येक तबकडी वेगळी काढावी. तिच्यात दुकानाच्या हिशेबांची राखीव प्रत असेल, कर सल्लागाराने दिलेली विवरणपत्रे असतील, कन्येच्या विवाहाचे चित्रण असेल, किंवा आज हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांचा आवाज असेल. घरी भरलेल्या तबकडीतील रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो, त्यामुळे तिच्यावर दीर्घकाळ भरवसा ठेवू नये. ज्याच्या संगणकाला तबकडी वाचण्याची सोय अजून आहे असा स्टुडिओवाला किंवा परिचित गाठून, जपण्याजोगे सर्व यंदाच्या दिवाळीपूर्वीच नव्या साधनावर उतरवून घ्यावे आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. हे काम पुढच्या वर्षावर ढकलले, तर कदाचित वाचणारे यंत्रही मिळणार नाही.

हिशेबाच्या तबकड्यांची गरज संपली असेल, तरी त्या जशाच्या तशा कोणाच्या हाती देऊ नयेत. त्यांत ग्राहकांची उधारी, खाते क्रमांक, पॅन क्रमांक असे सर्व असू शकते. सीडीमध्ये माहितीचा थर छापील बाजूच्या लगतच असतो. त्या बाजूने टोकदार हत्याराने खोलवर खरवडले की थर सोलून निघतो आणि मजकूर नष्ट होतो. डीव्हीडीमध्ये तो थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून नुसते खरवडणे पुरत नाही. ती जाड कापडात गुंडाळून मोडावी लागते. मोडताना काचेसारख्या कपच्या उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि मुले दूर हवीत.

वर्गवारी झाली की उरतात त्या निव्वळ जाहिरातीच्या तबकड्या. त्यांचा उपयोग ठरविताना ‘हिच्यापासून शोभेचे काय बनेल’ यापेक्षा ‘हिच्या अंगी कोणते गुण आहेत’ असे विचारावे. व्यास १२ सेंटिमीटर, मध्ये दीड सेंटिमीटरचे छिद्र, जाडी सव्वा मिलिमीटरहून किंचित कमी, वजन सुमारे पंधरा ग्रॅम. पॉलिकार्बोनेट या चिवट प्लॅस्टिकची चकती आणि तिच्यावर अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. ती पाण्याने भिजत नाही, गंजत नाही, अगदी सपाट असते आणि प्रकाश परतविते. उपयोग या गुणांतूनच निघतात.

उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे किंवा वर्षाचे धान्य वाळत घातले की पाखरे येतात. त्यांना दगड मारण्याचे कारण नाही. दोन तबकड्या छापील बाजू आत ठेवून पाठीला पाठ लावून चिकटवाव्यात, म्हणजे दोन्ही अंगांनी चकाकी राहते. मग छिद्रातून दोरा ओवून त्या वाऱ्यावर मोकळ्या फिरतील अशा टांगाव्यात. फिरती तिरीप पाहून पाखरे बिचकतात आणि त्यांना इजाही होत नाही. द्राक्षबागांत आणि शेतांत चमकदार फिती बांधतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. मात्र पाखरांना सवय होते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलावी आणि तिरीप शेजाऱ्याच्या खिडकीत किंवा रस्त्यावर जाणार नाही हे पाहावे.

दुसरा उपयोग नातवंडांसाठी आहे आणि माझ्या मते तो सर्वांत मोलाचा आहे. सीडीच्या पृष्ठभागावर माहितीच्या वर्तुळाकार रेषा असतात आणि दोन रेषांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सहाशेहून अधिक रेषा. इतक्या सूक्ष्म रेषांवरून परतलेला प्रकाश आपल्या घटक रंगांत विभागला जातो. तबकडीवर इंद्रधनुष्य दिसते ते म्हणूनच. जे उपकरण प्रयोगशाळेसाठी विकत घ्यावे लागते, त्याचे साधे रूप आपल्या कपाटात फुकट पडून आहे. बुटांचे रिकामे खोके घ्यावे. त्याच्या एका अरुंद बाजूस पोस्टकार्डाच्या दोन कडा जवळजवळ आणून केसभर फट ठेवावी. समोरच्या बाजूस आत तबकडी तिरपी बसवावी आणि तिच्या वर, झाकणात, डोळा लावण्यापुरते भोक पाडावे. फट दिव्याकडे करून, तबकडीचा कोन थोडा कमी-जास्त करीत पाहिले की रंगांचा पट्टा दिसतो. जुन्या तारेच्या बल्बचा पट्टा सलग असतो. सीएफएलच्या पट्ट्यात वेगवेगळ्या रंगांच्या सुट्या रेघा दिसतात. एलईडीच्या पट्ट्यात निळा रंग ठळक आणि त्यापुढे एक मंद जागा दिसते. तीन दिवे डोळ्यांना पांढरेच दिसतात, पण त्यांचे अंतरंग निरनिराळे असते, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी शिकते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने सांगावी: या खोक्यातून सूर्याकडे कधीही पाहावयाचे नाही आणि ग्रहण पाहण्यासाठी सीडी डोळ्यासमोर धरावयाची नाही. सीडी डोळ्यांचे रक्षण करीत नाही आणि दृष्टीला कायमची इजा होऊ शकते.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविण्याची परंपरा आपल्या महाराष्ट्रातही समृद्ध आहे. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा असंख्य खेळण्यांची निर्मिती केली. २०१८ मध्ये गुप्ता यांना पद्मश्री मिळाली. तबकडीचे एक खेळणे तर कोणत्याही घरी पाच मिनिटांत होते. ओढून उघडावयाचे आणि दाबून बंद करावयाचे जे बाटलीचे टोपण असते, ते तबकडीच्या छिद्रावर हवा निसटणार नाही असे चिकटवावे. फुगविलेल्या फुग्याचे तोंड बंद टोपणावर चढवून तबकडी गुळगुळीत फरशीवर ठेवावी आणि टोपण उघडावे. फुग्यातील हवा तबकडीखाली जाऊन पातळ गादी तयार होते आणि बोटाच्या धक्क्याने तबकडी फरशीवरून सरकत जाते. घर्षण म्हणजे काय, हे सांगावयास मग वेगळा धडा लागत नाही.

दुकानात आणि घरात तबकडीपेक्षा तिची वेष्टने अधिक कामाची आहेत. पारदर्शक कडक डबीत दराची चिठ्ठी घालून ती धान्याच्या किंवा सुकामेव्याच्या डब्यापुढे उभी करता येते. हात लागून कागद मळत नाही आणि भाव बदलला की चिठ्ठी बदलावी. जिच्यात पन्नास-शंभर कोऱ्या तबकड्या मिळत, त्या मधोमध दांडी असलेल्या गोल डब्यात बांगड्या छान राहतात. खुद्द तबकडीवर वायर, सुतळी किंवा लोकरीचा दोरा गुंडाळण्यासाठी समोरासमोर दोन खाचा पाडल्या की काम होते. पेल्याखाली ठेवावयाची असेल, तर वर जुन्या सुती कापडाची गोल चकती चिकटवावी. नुसत्या तबकडीवर पाणी साचते आणि पेला घसरतो.

काही उपयोग ऐकावयास चांगले, पण करण्यास अयोग्य असतात. ऊसाच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॉल्या रात्रीच्या वेळी रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे सीडी बांधल्या की परावर्तक झाला, असे अनेकांना वाटते. सीडी आरशाप्रमाणे वागते. गाडीचा प्रकाश तिच्यावर नेमका समोरून पडला तरच तो चालकाकडे परततो, थोडा कोन बदलला की भलतीकडे जातो. बाजारात मिळणारी परावर्तक पट्टी प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठविते, म्हणून ती वळणावरूनही दिसते. येथे माणसांच्या आणि मुक्या जनावरांच्या जिवाचा प्रश्न आहे. आपल्या पेढीचा माल वाहणाऱ्या गाड्यांना थोडे पैसे खर्चून पट्टीच लावून द्यावी. त्याचप्रमाणे जळती पणती तबकडीवर टेकवू नये, मध्ये मातीची बशी हवी. तबकड्या कचऱ्याबरोबर जाळू नयेत, त्यांचा धूर अपायकारक असतो. मायक्रोवेव्हमध्ये घालून त्या तडकविण्याची गंमत तर मुळीच करू नये. तोरणासाठी किंवा आकाशकंदिलासाठी तुकडे हवे असतील, तर तबकडी काही मिनिटे गरम पाण्यात ठेवून मग मजबूत कात्रीने कापावी, तडे कमी जातात. तरी कडा धारदार राहतात, त्या कागदाने घासून घ्याव्यात.

एवढे सगळे करूनही प्रामाणिक हिशेब केला, तर एका घराला दहा-बारा तबकड्या पुरेशा होतात. शंभर तबकड्यांचा ढीग बारा सेंटिमीटर उंच आणि दीड किलो वजनाचा असतो. त्यातील नव्वदांचे घड्याळ, फुलदाणी आणि भिंतीवरची नक्षी बनविली, तर बहुधा आपण कचऱ्याचे रूप तेवढे बदलतो. तीन वर्षांनी ती धुळकट नक्षी पुन्हा त्याच कप्प्यात येते. कॅलिफोर्नियातल्या त्या चार लाख तबकड्यांचे वजन सहा हजार किलोच्या आसपास भरते आणि संकल्पातील दहा लाख एकावर एक रचल्या असत्या, तर बाराशे मीटर उंचीचा मनोरा झाला असता. एवढ्या मालाला कलाकुसर पुरी पडत नाही. उरलेल्या तबकड्या स्वच्छ करून, कागद आणि डब्या वेगळ्या काढून, सुका कचरा वर्गीकृत करून घेणाऱ्या केंद्राकडे एकत्र द्याव्यात. पॉलिकार्बोनेट पुन्हा वितळवून वापरता येते, पण सुटी एक तबकडी भंगारात कोणी मोजत नाही. एका सोसायटीतील किंवा एका बाजारपेठेतील साऱ्यांनी मिळून पोतेभर साठविली, तर घेणारा भेटण्याची शक्यता वाढते.

वाचकहो, येथवर आपण घेणाऱ्याच्या बाजूने विचार केला. पण आपण व्यापारी कुटुंबे आहोत, आपण देणारेही आहोत. सीडीचा काळ सरला, तरी दिवाळीला ग्राहकांना आणि अडत्यांना आपण काही ना काही देतोच. आपल्या नावाची किल्लीची साखळी, प्लॅस्टिकचे पेनस्टँड, अर्धे वर्ष कोरी राहणारी जाडजूड डायरी, काही वेळा पेनड्राइव्ह. घाऊक घेतली म्हणजे वस्तू स्वस्त पडते, म्हणून पाचशेच्या जागी हजार मागवितो आणि सरसकट वाटतो. आपल्या वहीत तो जाहिरात खर्च म्हणून संपतो. समोरच्याच्या कपाटात तो संपत नाही. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ असे म्हणून घेणारा तोंड उघडीत नाही, म्हणून त्याला वस्तू आवडली असे होत नाही.

यासाठी त्या फ्लॉपीची कसोटी मला योग्य वाटते. फ्लॉपी लोकांनी ठेवून घेतली, कारण तिच्यावरचे देणाऱ्याचे नाव पुसून ती स्वतःची करता येत होती. सीडी तशी करता येत नव्हती, म्हणून ती ओझे झाली. आपली भेटवस्तू मागविण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे: यावरचे आपल्या पेढीचे नाव उद्या पुसले गेले, तरी घेणारा ही वस्तू वापरील काय? धड शिवलेली कापडी पिशवी, झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा, पाने दोन्ही बाजूंनी कोरी असलेली वही, उत्तम प्रतीचा गूळ किंवा खाकरा, या वस्तू या कसोटीस उतरतात. आणि जेथे शंका असेल, तेथे संख्या कमी करून प्रत निवडावी. पाचशे जणांना ठेवावीशी वाटणारी वस्तू ही हजार जणांच्या कप्प्यात पडणाऱ्या वस्तूपेक्षा अधिक चांगली जाहिरात आहे, असे बँकेच्या खिडकीमागून ग्राहक पाहिलेल्या माणसाचे मत आहे.

तेव्हा या दिवाळीपूर्वी एक दुपार काढावी. ढिगाचे तीन भाग करावेत. जपावयाच्या तबकड्यांच्या नव्या प्रती करून घ्याव्यात, खासगी माहितीच्या तबकड्या नष्ट कराव्यात आणि जाहिरातीच्या तबकड्यांतून खरोखर लागतील तेवढ्याच ठेवाव्यात. बाकीच्या एकत्र करून योग्य ठिकाणी पोहोचवाव्यात. आणि त्याच दुपारी यंदाच्या भेटवस्तूंची यादी पुन्हा एकदा नजरेखालून घालावी.